शोकचित्रात पाठमोऱ्या बायका कशाला?

रानजाई

थेट प्रश्नच विचारते. इटलीतल्या पादुआ शहरात स्क्रोवेन्यी चॅपेल आहे. तिथे चित्रकार जोत्तोनं १३०५च्या सुमारास रंगवलेलं शोकाचं भित्तिचित्र आहे. क्रुसावरून उतरवलेला येशू, आई मेरीनं त्याला मांडीवर घेऊन गळ्याला मिठी मारलेली, शिष्या मॅग्डालेन पायांशी, शिष्य योहान दोन्ही हात मागे फेकून पुढे वाकलेला. वर आभाळात चिमुकले देवदूत. ते तर सरळ हंबरडाच फोडतायत, कुणी गालाला हात लावून, कुणी हात फाकून.

आणि या सगळ्याच्या पुढ्यात, आपल्या सगळ्यात जवळ, दोन बायका आपल्याकडे पाठ करून बसल्यात. डोक्यावरून पांघरूण, चेहरा नाही, अश्रू नाहीत, दोन गाठोडी नुसती.

ज्या चित्राचा विषयच रडणं आहे, त्यात सगळ्यात मोक्याच्या जागी चित्रकार चेहरे का लपवतो? चेहऱ्यांचा त्याला कंटाळा होता म्हणावं तर त्याच चॅपेलमध्ये हेरोदाच्या शिपायांनी बाळं मारल्याचं चित्र आहे, त्यातल्या आयांच्या गालांवरचे ओघळसुद्धा त्यानं काढलेत. माझा अंदाज असा की कोंडाळ्यात आपणही बसावं म्हणून ही जागा केलीय. पण मग रिकामी जागा सोडायची, बायका कशाला बसवायच्या?

चित्रकलेतलं शिक्षण नाही, बघायची हौस आहे. जाणकारांनी लिहावं. अजाणकारांनी तर नक्कीच लिहावं.

पानवाला

अजाणकार हजर. चेहरे आठ काढले, पैसे सहाचेच मिळाले असतील.

खडूस

मध्ययुगीन चित्रांबद्दल एवढं हळवं होण्यासारखं काय असतं हे मला कधी कळलं नाही. सगळ्यांचे डोळे बदामी, सगळ्यांच्या भुवया सारख्याच वाकड्या. एक चेहरा पाठ केला आणि तोच सगळ्यांना चिकटवला. त्यापेक्षा पाठमोऱ्या बऱ्या.

रानजाई

खडूस, बदामी डोळे मान्य. पण योहानाचे हात बघा एकदा. असे हात त्याआधी कोणी रंगवले होते?

कुंचला

आधी थोडं तंत्राचं, मग प्रश्नाकडे येतो.

भित्तिचित्र ओल्या गिलाव्यावर करतात. एका दिवसात जेवढं रंगवून होईल तेवढाच गिलावा सकाळी लावायचा, तो सुकायच्या आत रंग संपवायचा. जवळून पाहिलं तर गिलाव्याचे सांधे दिसतात आणि कुठला भाग कोणत्या भागाच्या आधी झाला ते कळतं. चेहऱ्याला वेळ लागतो. मोठ्या सपाट अंगरख्याला त्या मानानं कमी लागतो. तेव्हा पानवाले, तुमची थट्टा अगदीच हवेतली नाही. पण जोत्तो असा काटकसर करणारा गडी वाटत नाही. मेरीचा निळा रंग ओल्या गिलाव्यात टिकत नाही म्हणून तो सुकल्यावर वरून लावला जायचा, आणि म्हणूनच आज कित्येक ठिकाणी निळा झडून खालचं दिसतं. महागडा निळा झडला, स्वस्त पिवळी माती टिकली.

आता पाठी. चित्रातला तो तिरका खडक बघा. उजवीकडे वर एक वठलेलं झाड, तिथून खडकाची कड घसरत खाली डावीकडे येते ती थेट मेरी आणि येशूच्या चेहऱ्यांपाशी थांबते. नजर तिथेच नेऊन सोडायची हे ठरलेलं. अशा वेळी पुढ्यात दोन रडके चेहरे आपल्याकडे तोंड करून बसवले असते तर नजर तिथेच अडकली असती. पाठी दिसतात, पण वाचायला काही देत नाहीत. आपण त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघतो.

शिवाय त्या पाठींमुळे जमीन तयार होते. त्यांच्या अलीकडे आपण, पलीकडे येशू. त्याआधीच्या बहुतेक चित्रांत माणसं सोन्याच्या पत्र्यावर चिकटवल्यासारखी असतात. इथे ती बूड टेकून बसलीत.

शंकेखोर

पटलं, पण अर्धंच. हे सगळं मांडणीचं उत्तर झालं. नजर अडवायची नव्हती तर त्या दोघींना बाजूला करता आलं असतं. रानजाईंचा प्रश्न तसाच उरतो.

भटकभवानी

"त्याआधी कोणी रंगवले होते?" या प्रश्नावर हात वर करते.

कामानिमित्त उत्तर मॅसिडोनियात स्कोपयेला राहणं झालं. शहराच्या वर डोंगरात नेरेझी नावाचं गाव आहे, तिथे संत पांतेलेइमोनचं छोटं चर्च. बिझंटाईन, म्हणजे पूर्व रोमन, सम्राटाच्या कोम्नेनोस घराण्यातल्या अलेक्सिओसनं बांधवलेलं, साल ११६४. म्हणजे पादुआच्या १४० वर्षं आधी. आत उत्तरेच्या भिंतीवर हाच प्रसंग. मेरीनं मेलेल्या मुलाला दोन्ही पायांच्या मधे ओढून घेतलंय, दोन्ही हातांनी कवटाळलंय, गालाला गाल. लहान मूल कुशीत घेतात तसं, फक्त मूल पूर्ण वाढलेलं आणि गेलेलं. तिच्या भुवया कपाळात चढल्यात. योहान कमरेत पार वाकून त्याचा हात धरून आहे.

तेव्हा "शोक जोत्तोनं शोधला" हे इटलीच्या मार्गदर्शकांचं पालुपद मी तरी ऐकून घेत नाही. बिझंटाईन कला म्हणजे ताठ आणि थंड असं आपल्याला शिकवलं जातं, आणि ज्यांनी शिकवलं त्यांनी नेरेझी पाहिलेलं नसतं.

कुंचला

भटकभवानी, नेरेझीचे फोटो माझ्याही संग्रही आहेत. जबरदस्त आहे, वादच नाही. बिझंटाईन कलाकार आणि त्यांची देवचित्रं इटलीत येत होती, व्हेनिस तर पादुआपासून हाकेच्या अंतरावर. जोत्तोच्या आधीच्या पिढीला हा प्रसंग तिकडूनच मिळाला. पण नेरेझीत पाठमोरं कोणी नाही. सगळे समोरून नाहीतर बाजूनं. पाठी जोत्तोच्याच.

भटकभवानी

ठीक, पाठी तुमच्या. गालाला गाल आमचा.

पानवाला

वाटण्या झाल्या म्हणायच्या. सात-बारा कोणाच्या नावावर करू?

वसईचा_वारा

मी कॅथलिक घरातला, त्यामुळे एक गोष्ट मांडतो जी इथे कोणी अजून काढली नाही. हा प्रसंग बायबलमध्ये नाही.

चारही शुभवर्तमानं, म्हणजे बायबलमधली येशूची चरित्रं, वाचून काढा. अरिमथाईचा योसेफ येशूचं शरीर मागून घेतो, तागाच्या कापडात गुंडाळतो, योहानाच्या शुभवर्तमानात निकदेम मदतीला असतो, स्त्रिया कुठे ठेवलं ते बघतात. संपलं. आईनं मांडीवर घेतलं, ऊर बडवलं, असं एक अक्षर नाही. हे सगळं नंतर प्रवचनांतून, स्तोत्रांतून आणि लोकांच्या भक्तीतून आलं. पूर्वेकडच्या चर्चमध्ये गुड फ्रायडेच्या प्रवचनात मेरीचा विलाप रंगवून सांगायची पद्धत जुनी. पश्चिमेकडे तेराव्या शतकात फ्रान्सिस्कन साधूंनी ते घराघरांत पोहोचवलं. त्यांचा उपदेश असा की येशूचं दुःख नुसतं ऐकू नका, तिथे उभे आहात असं डोळ्यांसमोर आणा. त्याला कसं धरलं, कोणी कुठे हात लावला, सगळं.

आमच्याकडे प्रायश्चित्तकाळात क्रुसाची वाट करतात, येशूच्या शेवटच्या वाटेवरच्या प्रसंगांपाशी थांबत प्रार्थना. चौदा स्थानं. चौथ्यावर आईची भेट, तेराव्यावर शरीर खाली उतरवतात. लहानपणी तेराव्या स्थानापाशी गुडघे दुखून आलेले असायचे आणि रडू कशाचं येतंय ते कळायचं नाही.

म्हणून मला रानजाईंचा अंदाज योग्य वाटतो. हे चित्र बघायचं नसून त्यात जाऊन बसायचं आहे. त्या दोघी आधी जाऊन बसलेल्या आहेत, एवढंच.

खडूस

म्हणजे बघणाऱ्याला रडवायची सोय. मालिका आणि यात फरक काय मग?

वसईचा_वारा

मालिकेला शेवट नसतो. इथे तिसऱ्या दिवशी आहे.

पानवाला

वाऱ्यानं खडूसला उडवलं. बोला पुढे.

शंकेखोर

थोडं इतिहासाचं टाकतो, कारण "रडण्याची सोय" या शब्दांवरून आठवलं. ज्या काळात चर्चच्या भिंतींवर एवढा आक्रोश रंगवला जात होता, त्याच काळात इटलीतली शहरं रस्त्यावरच्या आक्रोशावर बंदी घालत होती. ऑर्विएतोत तेराव्या शतकाच्या अखेरीला अंत्यविधीच्या वेळी मोठ्यानं विलाप केला म्हणून दंड झाल्याच्या नोंदी आहेत, आणि गंमत म्हणजे दंड भरणारे पुरुष होते, चांगले प्रतिष्ठित नागरिक. शहर चालवायचं तर माणसानं स्वतःला आवरलं पाहिजे, असा कारभाऱ्यांचा विचार.

आणि पादुआचंच उदाहरण घ्या. कवी पेत्रार्क म्हातारपणी पादुआजवळ राहत होता. १३७३ साली त्यानं पादुआचा सत्ताधीश फ्रांचेस्को दा कारारा याला राज्य कसं करावं यावर लांबलचक पत्र लिहिलं. रस्ते दुरुस्त करा, दलदलीतलं पाणी काढा, रस्त्यावरून डुकरं हाकला, असं बरंच. आणि शेवटाकडे मागणी अशी की कुणी मेलं की बायकांचे घोळके रस्त्यावर येऊन किंचाळतात ते बंद करा. रडायचं तर घरात रडा.

म्हणजे जोत्तोच्या भिंतीपासून काही पावलांवरच्या रस्त्यात खऱ्या बायका तेच करत होत्या जे आभाळात देवदूत करतायत. देवदूतांना परवानगी, बायकांना नाही. आता जोत्तोचं चित्र परत बघा. मोठ्यानं रडणारे कोण? देवदूत आणि थोडाफार योहान. बायका बऱ्याचशा आवरून आहेत, आणि दोघींना तर तोंडच दिलेलं नाही. बंदीचा वास येतोय मला.

रानजाई

हे भन्नाट आहे. पण पत्र चित्रानंतर सुमारे ७० वर्षांनी लिहिलंय ना? आणि मेरीच्या मागे बायकांचा घोळका आहे डावीकडे, त्यांची तोंडं उघडी दिसतात. एकीनं हात वर केलेत. तेव्हा "आवरून" हे जरा ताणलेलं वाटतं.

शंकेखोर

ताणतोच मी. नावच शंकेखोर.

कुंचला

अवांतर पण लागून: हे चॅपेल बांधणारा एन्रिको स्क्रोवेन्यी. त्याचा बाप रेजिनाल्दो नामांकित सावकार, इतका की कवी दान्तेनं आपल्या काव्यात त्याला नरकात, व्याजखोरांच्या रांगेत, गळ्यात निळी डुकरीण काढलेली थैली घालून बसवलाय. बापाच्या व्याजाचं प्रायश्चित्त म्हणून पोरानं देऊळ बांधलं असं सर्रास सांगतात. पोरानं स्वतःचंही चित्र शेवटच्या न्यायाच्या भिंतीवर काढून घेतलंय, हातात चॅपेलची प्रतिकृती अर्पण करताना. तोही कुठल्या बाजूला, तर तरलेल्यांच्या.

पानवाला

सावकार तो सावकारच. जागा आधी बुक केली.

आजीचा_बटवा

धागा वाचत होते, लिहावं की नाही असं चाललं होतं. मी आयुष्यभर परिचारिका होते, बराच काळ अतिदक्षता विभागात. त्यामुळे चित्रातलं कळत नाही, पण बातमी ऐकणाऱ्या माणसांचे चेहरे पुष्कळ पाहिलेत.

सांगायचं ते असं की पहिल्या काही मिनिटांत बहुतेक माणसं रडत नाहीत. चेहरा कोरा होतो. मग काहीतरी क्षुल्लक विचारतात. चष्मा कुठे ठेवलाय, पायात मोजे आहेत ना, डबा परत न्यायचा का. आणि हात काहीतरी करायला लागतात. चादर सारखी करणं, केस मागे घेणं, नखाला लागलेलं काही पुसणं. टाहो नंतर, बहुतेकदा दुसरं कोणी आल्यावर, त्याला बघून फुटतो. म्हणून खूप रडणारे चेहरे चित्रात दिसले की मला ते दुसऱ्या-तिसऱ्या तासाचे वाटतात.

मुलीकडे फ्रान्सला गेले तेव्हा तिनं लूव्रमध्ये फिरवलं. तिथे एक चित्र आहे, मागे सगळं सोनेरी, आईच्या मांडीवर येशू कमानीसारखा उलटा वाकलेला. नाव मुलीला विचारून लिहीन. त्यात तो तरुण योहान येशूच्या डोक्यातून काट्यांचा मुकुट काढतोय. रडत नाही. अगदी सावकाश, बोटांच्या टोकांनी, दुखू नये म्हणून. ज्याला आता काहीच दुखणार नाही त्याला दुखू नये म्हणून. तिथे मात्र माझा पाय निघेना. ते मी पाहिलेलं आहे. सलाईनची चिकटपट्टी असंच काढतात लोक.

रानजाई

_/\_

कुंचला

बटवाताई, ते आंगराँ कार्तोंचं चित्र. साधारण १४५५चं. दक्षिण फ्रान्समध्ये आव्हिन्योंसमोरच्या व्हिलनव्ह गावात होतं, १९०४ साली पॅरिसच्या प्रदर्शनात आलं तेव्हा कुठे जगाला कळलं, पुढच्या वर्षी लूव्रनं घेतलं. कडेनं लॅटिन अक्षरं आहेत, बायबलमधल्या विलापगीतातली: वाटेनं जाणाऱ्यांनो, माझ्या दुःखासारखं दुःख कुठे आहे का बघा.

आणि डाव्या कोपऱ्यात पांढऱ्या झग्यातला एक पुरोहित गुडघ्यावर बसलाय ना, चित्राचे पैसे देणारा, तो बाकी कोणाकडेच बघत नाही. त्याची नजर समोर कुठेतरी. माझ्या मते तो हा प्रसंग मनात बघतोय. पुन्हा वाऱ्याचाच मुद्दा.

खडूस

आजीच्या बटव्यानंतर काही बोलायची सोय राहिली नाही. तरी बोलतो. मुकुट काढणारा योहान मान्य. माझा आक्षेप त्या बेशुद्ध पडणाऱ्या मेऱ्यांवर आहे. माद्रिदला प्रादो संग्रहालयात पाहिलंय एक. आईसाहेब अशा देखण्या पडल्यात की वाटावं नाटकात सराव केलाय.

कुंचला

रोजियर व्हान डर वायडनचं क्रुसावरून उतरवणं. १४३५च्या आसपास, नक्की १४४३च्या आधी, कारण त्या वर्षीची त्याची नक्कल सापडते. आजच्या बेल्जियममधल्या ल्युव्हन गावच्या धनुर्धाऱ्यांच्या संघानं करून घेतलं. वरच्या कोपऱ्यांत नक्षीत चिमुकली धनुष्यं टांगलीत, शोधा.

मेरी देखणी पडलेली नाही, खडूस. ती येशूसारखी पडलीय. दोघांच्या शरीरांचा बाक एकच, हात तसेच लोंबतायत. त्याचं मरण आणि तिचं दुःख एकाच मापाचं आहे हे सांगायचं होतं. त्यासाठी शरीरशास्त्र वाकवलं असेल तर वाकवू दे. दहा माणसं त्यानं एका उथळ सोनेरी पेटीत कोंबलीत, जवळजवळ खऱ्या आकाराची. मागे डोंगर नाही, शहर नाही, नजर पळून जायला वाटच नाही. आणि अश्रू. एकेक थेंब वेगळा, त्यावर उजेडाचा ठिपका. तैलरंगाशिवाय हे जमतच नाही. जोत्तोच्या गिलाव्यावर ओघळ काढता येतो, थेंब नाही.

वसईचा_वारा

खडूस यांच्या आक्षेपाला मात्र पाचशे वर्षांपूर्वीच एक वजनदार साथीदार मिळालाय. मेरीच्या मूर्च्छेचा वेगळा सण पाळावा अशी मागणी होती. १५०६ साली काजेतान नावाच्या डॉमिनिकन पंडितानं, जो पुढे कार्डिनल झाला, त्यावर मत दिलं: नको. कारण योहानाच्या शुभवर्तमानात मेरी क्रुसापाशी उभी होती असं आहे. मूर्च्छा म्हणजे शरीराची दुर्बलता, ती तिला शोभत नाही, शिवाय शुद्ध हरपली तर दुःख भोगणार कसं? जागेपणी उभं राहून सोसणं हेच मोठं.

पुढे ट्रेंटच्या धर्मसभेनंतर तर मूर्च्छेच्या चित्रांवर टीका वाढतच गेली.

खडूस

पहिल्यांदाच कोणी कार्डिनल माझ्या बाजूनं उभा राहिला. घरी सांगतो.

आजीचा_बटवा

काजेतान बाईमाणूस नव्हते एवढंच म्हणते. उभ्या असलेल्या बाईची शुद्ध शाबूत असते असं नाही.

तात्या_नगरी

चित्रातलं मला काही कळत नाही, पण तुमचा धागा वाचून मुलानं दुसरं एक चित्र दाखवलं. ग्र्युनेवाल्ड नावाच्या जर्मनाचं, फ्रान्समधल्या कोलमारच्या संग्रहालयातलं, १५१२ ते १५१६मधलं. येशूचं अंग सगळं काटे रुतून हिरवट पडलेलं, बोटं वेडीवाकडी ताठलेली. पांढऱ्या वस्त्रातली मेरी योहानाच्या हातावर कोसळलेली. मुलगा म्हणाला, हे ईझेनहाइमच्या मठातल्या दवाखान्यासाठी केलेलं, तिथे "संत अंतोनीचा अग्नी" नावाच्या रोगाचे रोगी असायचे, हातपाय काळे पडून झडायचे. आणि तो रोग कशानं? राय धान्यावरच्या अरगट या बुरशीनं.

आता अरगट म्हटल्यावर मी गप्प कसा बसू, सारी नोकरी कृषी खात्यात गेली. आपल्या बाजरीवर येतो तोच हा भाऊबंद. फुलोऱ्यात ढगाळ, दमट हवा लागली की कणसातून मधासारखा चिकटा गळतो, मग दाण्याच्या जागी काळ्या गाठी. बियाणं पेरणीआधी २० टक्के मिठाच्या पाण्यात टाकायचं, गाठी नि पोचट दाणे वर तरंगतात, ते काढून जाळायचे, खालचं बी स्वच्छ पाण्यानं धुऊन सावलीत वाळवायचं. आपल्या बाजरीच्या अरगटानं उलट्या, चक्कर, गुंगी येते. हातपाय झडत नाहीत. बुरशीची जात वेगळी, विष वेगळं.

त्या मठातल्या रोग्यांना हे चित्र दाखवायचे म्हणे. तुझं दुखणं यालाही झालंय, असं. औषध नव्हतंच, तर निदान सोबत.

पानवाला

जोत्तोपासून बाजरीपर्यंत आलो. हा धागा आता कृषी विभागात हलवावा अशी विनंती.

भटकभवानी

अजिबात हलवू नये. मिठाच्या पाण्याची युक्ती मी वाचनखुणांमध्ये टाकली.

गोंयकार

आमच्या गोव्यात करेज्मात, म्हणजे उपवासाच्या काळात, संध्याकाळी चर्चमध्ये लॅटिन मोतेत, म्हणजे धार्मिक गीतं, गातात. काही गावांत अजून व्हायोलिन, क्लॅरिनेट असतं सोबत. शब्दांचा अर्थ गाणाऱ्यांतल्या निम्म्यांना ठाऊक नसतो, पण सूर असा की मागच्या बाकावरचा चावट पोरगाही गप्प होतो. त्या विलापगीतांतल्या ओळी कुंचला यांनी वर दिल्यात, त्यावरही मोतेत आहेत. तेव्हा हा शोक आमच्याकडे भिंतीवरून कमी, कानातून जास्त आला.

आणि मराठी वाचकांसाठी: राशोलच्या ख्रिस्तपुराणाची, १६१६च्या, ओवी आठवा. दुसऱ्या पुराणात येशूचं मरण आहे. ओवीत असल्यामुळे ते वाचताना पोथी ऐकतोय असंच वाटतं.

शंकेखोर

मूळ प्रश्नाकडे यायचं का? पाठी राहिल्याच.

चेहरा झाकण्याची एक फार जुनी गोष्ट रोमन लेखक प्लिनीनं सांगितलीय. तिमांथीस नावाच्या ग्रीक चित्रकारानं इफिजेनियाच्या, म्हणजे ग्रीक पुराणातल्या राजकन्येच्या, बळीचं चित्र काढलं. भोवतीच्या सगळ्यांचे चेहरे दुःखी करून झाले, बापाची पाळी आली तेव्हा त्यापुढचं दुःख उरलं नाही, म्हणून त्यानं बापाचा चेहरा वस्त्रानं झाकला. अल्बेर्तीनं १४३५च्या आपल्या चित्रकलेवरच्या ग्रंथात हीच गोष्ट पुन्हा सांगितली. जोत्तोला ती माहीत असेल असा माझा दावा नाही. पण युक्ती तीच.

भटकभवानी

पण तिमांथीसनं मुख्य माणसाचा चेहरा झाकला, शंकेखोर. जोत्तोनं झाकल्या त्या कोणी तरी दोघी. त्यांची नावंसुद्धा नाहीत.

फ्रान्समधल्या दिजाँचे रडणारे पुतळे मात्र इथे बसतात. बर्गंडीचा ड्यूक फिलिप १४०४ साली गेला, त्याच्या थडग्याचं काम क्लाउस स्लुटर आणि नंतर त्याचा पुतण्या करत होता, १४१०ला संपलं. वर ड्यूक झोपलेला, खाली कमानींतून चाळीसएक छोटे शोककर्ते चालतायत, पांढरा दगड, हातभर उंच. त्यातले काही टोपी अशी पुढे ओढून की चेहराच दिसत नाही. एक जण नाक पुसतोय, तोही आहे. पण लक्षात राहतात ते टोपीवाले. कापडाच्या चुण्यांवरूनच कळतं की आतला माणूस मोडलाय.

कुंचला

आणि माझाच्चो राहू नये. १४२६चं क्रुसारोहण, आता नेपल्सला कापोदिमोन्तेत. क्रुसाखाली मॅग्डालेन गुडघ्यावर, पूर्ण पाठमोरी, लाल झगा, मोकळे पिवळे केस, दोन्ही हात वर फेकलेले. तिचा चेहरा कोणाला कधी दिसणार नाही, आणि सगळ्या चित्रात आवाज तिचाच.

काल रात्री एक उद्योग केला. जोत्तोच्या चित्राची कच्ची नक्कल काढली आणि त्या दोघींना आपल्याकडे तोंड करून बसवलं. चेहरे मुद्दाम साधे ठेवले. घरात तिघांना दाखवलं, "आधी काय दिसलं?" म्हणून. तिघांनीही त्या दोघींकडे बोट दाखवलं. येशू मागे गेला, मेरी तर गायबच. मग दोघींना काढूनच टाकलं, रानजाईंनी सुचवलेली रिकामी जागा ठेवली. तेव्हा येशू दिसला, पण पुढ्यात मांडून ठेवल्यासारखा, प्रदर्शनात. आपण प्रेक्षक झालो. पाठी परत आणल्या तशी गर्दी झाली, आणि आपण त्या गर्दीच्या मागच्या रांगेत उभे.

म्हणून रिकामी जागा का नाही याचं माझं उत्तर: मयताच्या घरी कोणाला पुढची जागा मोकळी मिळत नाही.

वसईचा_वारा

हे आवडलं. आमच्याकडची एक रीत यात घालतो. पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या शेवटच्या दिवसांत चर्चमधल्या क्रुसांवर आणि मूर्तींवर जांभळं कापड घालतात. वर्षभर ज्यांच्याकडे बघून प्रार्थना करायची ते सगळे झाकलेले. लहानपणी मला त्याची भीती वाटायची, कापडाखाली ते काय करत असतील म्हणून.

शंकेखोर

कुंचला यांचा प्रयोग चोख आहे, तरी तीन माणसं आणि तीही घरची. शिवाय माझा बंदीचा मुद्दा कोणी खोडलेला नाही, फक्त रानजाईंनी ताणलेला म्हटलाय. बायकांच्या तोंडावर पांघरूण घालायला चित्रकाराला रचनेचं कारण मिळालं आणि नगरपालिकेला शिस्तीचं. दोन्ही एकाच शहरात.

रानजाई

शंकेखोर, शेजारची चौकट बघा की मग. थडगं उघडं, पहारेकरी झोपलेले, आणि मॅग्डालेन गुडघ्यावर बसून येशूकडे दोन्ही हात पुढे केलेली. डोक्यावरून लाल झगा घेतलाय, पण चेहरा पूर्ण मोकळा. तोंड झाकायचंच धोरण असतं तर तिथेही झाकलं असतं.

माझ्यापुरतं कुंचला आणि बटवाताईंचं मिळून उत्तर जुळलं. पहिल्या तासाला चेहरा कोरा असतो असं ताई म्हणाल्या. कोरा चेहरा रंगवला तर बघणाऱ्याला वाटणार, ही दगड आहे. पाठ रंगवली तर तसं वाटत नाही.

आजीचा_बटवा

हो. तशा बसतात.

खडूस

ठीक आहे, जाऊन बघतो एकदाचं. दिवाळीत मुलाकडे मिलानला जाणारच आहे. तिकीट दारात मिळतं का?

रानजाई

दारातल्या तिकिटावर अवलंबून राहू नका, आधी वेळ ठरवून ऑनलाइन काढा. एका वेळी थोडीच माणसं आत सोडतात. आधी काचेच्या खोलीत बसवतात, अंगावरची धूळ नि दमटपणा भित्तिचित्रांना लागू नये म्हणून, मग आत मोजकी मिनिटं. हे चित्र उत्तरेच्या भिंतीवर कथाचित्रांच्या सगळ्यात खालच्या रांगेत आहे, मान मोडावी लागत नाही. आत गेल्या गेल्या आधी तिथे जा, निळं छत नंतर बघा. आणि मिलानला आहातच तर ब्रेरा संग्रहालयात मान्तेन्याचा मेलेला येशू बघा, तळवे आपल्याकडे करून झोपवलेला. तिथे मेरी अगदी कोपऱ्यात आहे, म्हातारी, सुरकुतलेली, डोळ्याला कापड लावून. बदामी डोळे नाहीत तिचे.

पानवाला

खडूसकाका, येताना फोटो टाका. पाठमोरा चालेल.